‘स्पॉटेड बास’ लिहिलेल्या बरण्या: प्रकल्पाच्या नोंदी

४ मार्च

आज कपाट उघडलं. चार फळ्या भरून काचेच्या बरण्या, आत अल्कोहोलमध्ये बुडालेले मासे, आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव: मायक्रोप्टेरस पंक्टुलाटस, म्हणजे स्पॉटेड बास, गोड्या पाण्यातला ठिपकेवाला मासा. मासे सगळे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या नद्यांमधले, निरनिराळ्या दशकांत पकडलेले. माझं काम असं: प्रत्येक बरणीतला मासा पुन्हा ओळखायचा आणि बरोबर नावाची नवी चिठ्ठी घालायची.

हे काम निघालं त्याचं कारण थोडक्यात लिहून ठेवते. या राज्यातल्या नद्यांचे दोन मोठे गट आहेत. उत्तरेला टेनेसी नदी, जी पुढे ओहायोला मिळते. मध्यभागात आणि दक्षिणेकडे कूसा, टॅलापूसा, कहाबा, ब्लॅक वॉरियर, टॉम्बिग्बी. यांचं पाणी शेवटी मोबील खाडीत, मेक्सिकोच्या आखातात उतरतं. दोन्हीकडे ठिपकेवाला बास सापडतो आणि दिसायला तो सारखाच. १९४० साली कार्ल हब्ज आणि रीव्ह बेली या मत्स्यशास्त्रज्ञांनी मोबीलकडचा मासा वेगळा असल्याचं ओळखलं, पण त्याला उपजातीचाच दर्जा दिला. २००८ साली तो स्वतंत्र जाती ठरला: अलाबामा बास, मायक्रोप्टेरस हेन्शाली. जुन्या चिठ्ठ्या मात्र तशाच राहिल्या. त्यामुळे आमच्या कपाटातल्या बऱ्याच बरण्यांवर आज चुकीचं नाव आहे.

आज फक्त बरण्या मोजल्या, गळक्या झाकणांच्या बाजूला काढल्या, अल्कोहोल भरलं.

५ मार्च

पहिली चाळणी: यात भलतंच काही मिसळलंय का? मिसळलंय. तिसऱ्याच बरणीत लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा दुसरा बास, निघाला.

लार्जमाउथ ओळखायची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण म्हणजे जबडा. तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं मागचं टोक डोळ्याच्या मागच्या कडेपलीकडे गेलं, तर लार्जमाउथ. स्पॉटेड आणि अलाबामा या दोघांचा जबडा डोळ्याखालीच संपतो, फार तर मागच्या कडेपाशी येतो. स्मॉलमाउथ या लहान तोंडाच्या बासचा साधारण बुबुळाखाली थांबतो.

खूण चांगली आहे, पण तोंड मिटलेलं असलं तरच. बरणीतले अर्धे मासे आ वासून मेलेले. तोंड उघडलं की वरचा जबडा खाली आणि पुढे झुकतो, त्याचं टोक डोळ्याच्या रेषेतून सरकतं आणि लार्जमाउथही लहान तोंडाचा दिसायला लागतो. अल्कोहोलआधी फॉर्मालिनमध्ये ठेवल्याने कडक झालेलं तोंड जोर लावून मिटवायचं नाही, मोडतं. म्हणून अशा माशांना दुसरी खूण लावली: पाठीवरचा पर. लार्जमाउथमध्ये पुढचा काट्यांचा भाग आणि मागचा मऊ भाग यांच्यामध्ये इतकी खोल खाच असते की दोन वेगळे पर वाटतात. खाचेतला सर्वांत आखूड काटा सर्वांत लांब काट्याच्या निम्म्याहून कमी भरतो. स्पॉटेडमध्ये खाच उथळ असते, दोन्ही भाग पडद्याने नीट जोडलेले दिसतात.

या परामुळे एक जुनी गोष्ट आठवली. मायक्रोप्टेरस या नावाचा अर्थ ‘छोटा पर’. १८०२ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेदने स्मॉलमाउथला हे नाव दिलं तेव्हा त्याच्यापुढे असलेल्या माशाचा पाठीवरचा पर फाटलेला होता; मागे सुटलेला तुकडा त्याला स्वतंत्र छोटा पर वाटला. एका जखमी माशावरून पडलेलं नाव सबंध वंशाला, म्हणजे सगळ्या ‘काळ्या बास’ना, लागलं, आणि आजही आम्ही तेच लिहितो. एकाच माशावरून, एकाच खुणेवरून निकाल द्यायचा नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

८ मार्च

जीभ. खालच्या जबड्यातून करंगळी आत घालून जिभेच्या मधोमध फिरवायची. स्पॉटेड आणि अलाबामा दोघांनाही तिथे दातांचा लहानसा खरखरीत ठिपका असतो. बारीक पॉलिश पेपरवर बोट फिरवावं तसं लागतं. लार्जमाउथची जीभ बहुधा गुळगुळीत. हातमोजा घालून हे कळत नाही. म्हणून मासा आधी पाण्यात बराच वेळ ठेवून अल्कोहोल उतरवलं आणि लहान माशांसाठी टाचणीचं टोक वापरलं: ठिपका असेल तर टोक अडखळतं.

दिवसअखेर लार्जमाउथ सगळे बाजूला निघाले. आता उरलेल्यांत खरा प्रश्न आहे, आणि तिथे जबडा, खाच, जीभ या तिन्ही खुणा निरुपयोगी आहेत, कारण दोन्ही जातींत त्या सारख्याच.

११ मार्च

खवले मोजायला सुरुवात.

माशाच्या अंगावर कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यावरच्या प्रत्येक खवल्याला सूक्ष्म छिद्र असतं. पाण्यातली हालचाल मासा त्यातून ओळखतो. या रेषेवर किती खवले आहेत ते मोजायचं. अलाबामा बासचे खवले बारीक, म्हणून संख्या जास्त. स्पॉटेडचे त्या मानाने मोठे, म्हणून कमी. सीमा साधारण सत्तरीच्या आसपास. साठीच्या मधल्या आकड्यांत असेल तर स्पॉटेड, पंचाहत्तरीला पोचला तर अलाबामा, आणि सीमेच्या जरा अलीकडेपलीकडे दोघंही भेटतात.

हे करायला मन स्थिर लागतं. मासा डाव्या कुशीवर नव्हे तर डावी बाजू वर करून ठेवायची, कारण रीत डाव्या बाजूने मोजायची आहे. दिवा तिरका लावला की छिद्रं चमकतात. टाचणीचं टोक एका खवल्यावरून पुढच्यावर. दहा झाले की वहीत एक उभी रेघ. मध्येच एखादा खवला गळालेला असतो. तिथे त्याची रिकामी खोबण दिसते, ती मोजायची. एखादा गळून पुन्हा उगवलेला असतो, आकाराने वेडावाकडा, तो एकच धरायचा.

पहिल्या माशाचे ७६ आले. दुसऱ्यांदा मोजले, ७२. तिसऱ्यांदा पुन्हा ७६. चार खवल्यांचा फरक इथे जातच बदलून टाकतो, म्हणून तिथेच थांबले. हे काम शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं. त्यांनी चिमट्याने शेपटी हलकेच उजवीडावीकडे वाकवली. अंग जिथे संपतं तिथे घडी पडली. “मोजणी इथे थांबते,” त्या म्हणाल्या, “पुढचे खवले शेपटीचे, माशाच्या हिशेबात धरायचे नाहीत.” मी दोन वेळा घडी ओलांडून शेपटीवर गेले होते. आजपासून प्रत्येक माशाची घडी आधी शोधायची, तिथे टाचणी रोवायची, मगच मोजायला बसायचं.

१३ मार्च

सात मासे. प्रत्येक मासा दोनदा, दोन वेगळ्या वेळी, पहिला आकडा झाकून. सातही जुळले.

१९ मार्च

आज नदीवर. कूसाच्या एका उपनदीत पथकाबरोबर गेले. बरणीतले मासे पाहून पाहून मी हे विसरायला लागले होते की त्यांना रंग असतात.

होडीवरच्या जनित्रातून पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडतात. मासे क्षणभर सुन्न होऊन वर येतात, जाळीने उचलून टाकीत ठेवले की थोड्याच वेळात सावध होतात. पहिलाच बास हातात आला तो रेडआय. हाताच्या लांबीएवढासुद्धा नव्हता. डोळा खरोखर लाल, अंगावर गडद उभे पट्टे, आणि शेपटीच्या वरच्या व खालच्या कडेला पांढरी किनार, जणू चुन्याच्या बोटाने ओढलेली. ती किनार पाहिली की दुसरी शंका उरत नाही. टाकीतून काढून ट्रेमध्ये ठेवला आणि मापं घेईपर्यंत अंगावरचे पट्टे फिके झाले. परत पाण्यात सोडल्यावर पुन्हा उमटले. याच माशाचा फोटो ट्रेमधला पाहिला असता तर मी पट्टे ‘अस्पष्ट’ असं लिहिलं असतं.

रंगावर म्हणूनच फार भिस्त ठेवता येत नाही. गढूळ पाण्यात बास फिका, गवताळ स्वच्छ पाण्यात गडद. घरट्यावर राखण करणारा नर काळवंडलेला. अल्कोहोलमध्ये लाल, नारिंगी, निळा सगळं जातं. फ्लोरिडा आणि जॉर्जियातल्या सुवानी बासचे गाल आणि छाती निळसर हिरवी असते, तिच्यावरून तो जिवंतपणी चटकन ओळखू येतो. बरणीत मात्र ती खूण उरत नाही. काळा रंग तेवढा टिकतो: ठिपके, पट्टे, शेपटीवरचा डाग.

रेडआयच्या बाबतीत तर नदी हीच मुख्य खूण आहे. २०१३ साली या एका जातीच्या पाच झाल्या: कूसातला, कहाबातला, टॅलापूसातला, ब्लॅक वॉरियरमधला आणि चॅटाहूचीतला. नव्या चारांना नद्यांचीच नावं मिळाली. खोऱ्यांमधल्या उंचवट्यांनी वेगळे झालेले मासे फार दीर्घ काळ आपापल्या खोऱ्यात राहिले, एकमेकांना भेटले नाहीत. शोल बासची कथाही जवळचीच. ॲपलाचिकोला खोऱ्यातल्या खडकाळ उथळ धारांमधला हा वाघासारख्या पट्ट्यांचा मासा बराच काळ रेडआयचाच एक प्रकार समजला गेला. १९९९ साली त्याचं स्वतंत्र वर्णन झालं. त्याच्या जिभेवर दातांचा ठिपका नसतो, रेडआयच्या बहुधा असतो. इतकी वर्षं तो फरक तोंडातच होता, बोट घालून पाहणारा हवा होता.

परतताना आज पकडलेल्या प्रत्येक माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा डीएनए तपासणीसाठी कापून शुद्ध अल्कोहोलच्या कुपीत ठेवला. मासे सोडून दिले.

२६ मार्च

शाई उडालेली बरणी. चिठ्ठीवर फक्त १९७८ आणि नदीच्या नावातलं पहिलं अक्षर, तेही ‘ट’ की ‘क’ सांगता येईना. मूळ चिठ्ठी रोमन लिपीत, म्हणजे टेनेसी, टॅलापूसा, टॉम्बिग्बी, कूसा, कहाबा, काहीही असू शकतं. आत चार मासे.

आकडे: ६३, ६५, ६४, ६६. चारही सीमेच्या बरेच खाली. चार माशांचा एकत्रित पुरावा एका माशापेक्षा फार बळकट असतो. एखादा अपवाद चारदा घडत नाही. शिवाय बरणीच्या तळाशी चिकटलेला एक छोटा मासा निघाला, तो स्मॉलमाउथचं पिल्लू. या राज्यात स्मॉलमाउथ मुळात टेनेसी खोऱ्यातला. दोन वेगळे साक्षीदार एकच सांगताहेत. चिठ्ठी लिहिली: स्पॉटेड बास, बहुधा टेनेसी खोरं. ‘बहुधा’ मुद्दाम लिहिलं.

शाई उडालेली बरणी एका दिवसात सुटली याचा फार आनंद झाला.

२ एप्रिल

आणि आजची बरणी सुटत नाही.

चिठ्ठी स्वच्छ आहे. टॉम्बिग्बी, १९९२. आत चार मासे. मोबीलकडची नदी, म्हणजे अलाबामा बास असायला हवेत. आकडे: ७२, ७०, ७३ आणि ६६.

६६ वाला मासा तीन वेगळ्या दिवशी मोजला. ६६च. खवला गळालेला नाही, घडी बरोबर आहे. मॅडमनी मोजला, त्यांचेही ६६.

साल १९६२ असतं तर मी म्हटलं असतं, नदी सांगते ते ऐका, हा अलाबामा बासच आहे, फक्त खवले कमी आहेत. पण मध्ये १९८५ येतं. त्या वर्षी टेनेसी आणि टॉम्बिग्बी जोडणारा २३४ मैलांचा जलमार्ग वाहतुकीला खुला झाला. मालाच्या होड्यांसाठी दोन खोऱ्यांमधला उंचवटा खोदला आणि पाणलॉक, म्हणजे होड्या वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे, बांधले. जे पाणी एकमेकांना भेटत नव्हतं त्याला वाट मिळाली. मासा त्या वाटेने आला असं माझं म्हणणं नाही. येऊ शकतो, एवढंच. आणि एवढ्यावरून नदीची साक्ष १९८५ नंतरच्या बरण्यांमध्ये आधीइतकी भक्कम राहत नाही.

तीन शक्यता लिहून ठेवल्या. खवले कमी असलेला अलाबामा बास. टेनेसीकडचा स्पॉटेड. दोघांचा संकर. खवल्यांवरून यातली एकही खोडता येत नाही.

डीएनए काढता येईल का, हे विचारलं. मासा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवलेला होता. फॉर्मालिन मांस टिकवतं, पण डीएनएच्या साखळ्या जखडतं आणि तोडतं. वाचण्याजोगं फार थोडं हाती येतं. त्या दिवशी कोणी पराचा तुकडा आधी कापून अल्कोहोलमध्ये ठेवला असता, तर आज उत्तर मिळालं असतं.

९ एप्रिल

पिल्लांच्या बरण्या. बोटाएवढे मासे, आणि यांच्यात सगळ्यात जास्त चुका.

लार्जमाउथच्या पिल्लाचा जबडा डोळ्यापलीकडे जात नाही. तो वयाबरोबर वाढतो. म्हणजे जी खूण सगळ्यांना पाठ आहे ती पिल्लांवर लावली की लार्जमाउथ स्पॉटेड ठरतो. तसंच झालेलं दिसलं.

पिल्लांची खूण शेपटीत आहे. स्पॉटेड आणि स्मॉलमाउथच्या पिल्लांची शेपटी तिरंगी: बुडाशी नारिंगी, मध्ये काळा पट्टा, टोकाला पांढरी. लार्जमाउथच्या पिल्लात असे तीन ठळक भाग नसतात. अल्कोहोलमध्ये नारिंगी उडालं, पण काळा पट्टा तसाच आहे. भिंगाखाली धरला की कळतं. अंगावरची खूणही कामी आली: स्मॉलमाउथच्या पिल्लाला उभे पट्टे, लार्जमाउथच्या पिल्लाला आडवी गडद पट्टी.

एका पिल्लाची शेपटी कुजलेली होती. तिथे पोटाचा आधार घेतला. जठर आणि आतडं जिथे जुळतं तिथे बोटांसारख्या लहान पिशव्यांचा झुबका असतो. लार्जमाउथमध्ये या पिशव्या बुडाशी फाटे फुटलेल्या असतात, इतर काळ्या बासमध्ये एकेकट्या. छोटी चीर, चिमट्याने बाजूला केलं, फाटे दिसले. लार्जमाउथ. प्रत्येक मासा असा कापायचा नाही, हे आधीच ठरलं आहे. हा शेवटचा उपाय.

१६ एप्रिल

एका मच्छीमार आजोबांनी टेनेसीतून पकडलेला बास बर्फात घालून आणला. चॉकलेटी अंग, उभे पट्टे, पण पोटाकडे ठिपक्यांच्या ओळी आणि जिभेवर खरखरीत ठिपका. स्मॉलमाउथ म्हणावा तर ठिपके आडवे येतात, स्पॉटेड म्हणावा तर पट्टे. ते म्हणाले, “आम्ही याला मीनमाउथ म्हणतो, दोरीला फार जोरात ओढतो.” स्मॉलमाउथ आणि स्पॉटेडच्या संकराला गळ टाकणारे याच नावाने ओळखतात. आजोबांनी नाव सांगितलं म्हणून ते लिहिलं नाही. पराचा तुकडा कुपीत ठेवला, निकाल आल्यावर लिहीन. पण त्यांच्या डोळ्याने पट्टे आणि ठिपके दोन्ही एका नजरेत टिपले होते, ते मला भिंगाखाली सावकाश दिसले.

त्यांनी विचारलं, सगळेच खायला आणि पकडायला सारखे, मग नावाचा एवढा घोर कशाला? मी त्यांना टेक्ससचं सांगितलं. ग्वाडालूप बास फक्त त्या राज्यात सापडतो, १९८९ पासून तो तिथला राज्यमासा आहे. त्याच्या नद्यांमध्ये गळाच्या हौसेसाठी बाहेरचे स्मॉलमाउथ सोडले गेले. दोघांचा संकर होत गेला आणि काही ठिकाणी शुद्ध ग्वाडालूप मिळेनासा झाला. मग तो वाढवून पुन्हा नदीत सोडावा लागला. नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक नॉर्मनसारख्या ठिकाणी परवानगीशिवाय कोणीतरी नेऊन सोडलेला अलाबामा बासही असाच पसरतो आणि जिथे स्मॉलमाउथ असेल तिथे त्याच्याशी संकर करतो. पहिला परका मासा ओळखला गेला तरच काही करता येतं. आजोबा बराच वेळ बर्फातल्या माशाकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, पराचा कुठला तुकडा कापायचा असतो?

२४ एप्रिल

बाजूला काढलेल्या लार्जमाउथच्या बरण्यांची नावंही साधी राहिलेली नाहीत. २०२२ साली जनुकांच्या अभ्यासातून असं पुढे आलं की लासेपेदने १८०२ साली दिलेलं साल्मोइडिस हे नाव मुळात फ्लोरिडा बासला लागू होतं; लार्जमाउथचं नाव मग नायग्रिकन्स. म्हणजे एकच लॅटिन नाव २०२२ पूर्वीच्या चिठ्ठीवर एका माशाचं आणि नंतरच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं. दोघं दिसायला इतके सारखे की डोळ्यांनी सांगता येत नाही. १९४९ च्या बेली आणि हब्ज यांच्या मोजणीत पार्श्वरेषेचे आकडे लार्जमाउथला ५९ ते ६५ आणि फ्लोरिडाला ६९ ते ७३ असे होते, पण जिथे दोघं मिसळतात तिथे मधले सगळे आकडे भेटतात.

म्हणून नव्या चिठ्ठीवर नुसतं नाव पुरणार नाही. कोणी ओळखलं, कधी ओळखलं, कोणत्या खुणेवरून, आणि खवल्यांचा आकडा, हे सगळं लिहायचं ठरलं. उद्या नावं पुन्हा बदलली तरी आकडा बदलणार नाही.

३० एप्रिल

चिठ्ठ्यांचा दिवस. सुती कागद, पेन्सिल. साधी शाई अल्कोहोलमध्ये उडते, ते त्या १९७८ च्या बरणीने शिकवलं. जुनी चिठ्ठी काढून टाकायची नाही. ती चुकीची असली तरी ज्याने मासा पकडला त्याच्या हातची आहे, नदी आणि तारीख तिच्यावरच आहे. नवी तिच्या मागे सरकवायची.

टेनेसीकडच्या बरण्या स्पॉटेडच राहिल्या. मोबीलकडच्या बहुतेक अलाबामा झाल्या. शेवटी टॉम्बिग्बी १९९२ उरली. ७०, ७२ आणि ७३ वाल्या तिघांच्या चिठ्ठीवर अलाबामा बास लिहिलं, आधाराच्या रकान्यात खवल्यांबरोबर ‘नदी’, आणि सत्तरवाल्यापुढे ‘बहुधा’. ६६ वाल्याला वेगळी लहान बरणी काढली. चिठ्ठीवर लिहिलं: मायक्रोप्टेरस, जाती अनिश्चित, पार्श्वरेषा ६६, तीनदा मोजली. मॅडमनी वाचलं, मान हलवली, आणि खाली त्यांच्या मोजणीची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली. बरणी बाकीच्या तिघांच्या शेजारीच ठेवली आहे.

कुप्यांच्या पेटीत आज अकरा तुकडे झाले. त्यातला एक आजोबांनी काल पाठवलेला, कुपीवर नदीचं नाव आणि तारीख पेन्सिलने.